साठीनंतरची माउंटन बाइक आणि पायवाटेची डागडुजी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकरोडला राहणारे, बासष्ट वर्षांचे, नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ लिहितात की तरुणपणी ते साध्या सायकलीनेच कामावर जात असत. आता मुलाने हौसेने घेतलेली आणि पुढे घरात पडून राहिलेली माउंटन बाइक त्यांच्या हाती आली आहे आणि गिरणारे, गंगापूर धरण, अंजनेरी या बाजूच्या डोंगरवाटांवर ती चालवावी असे त्यांना वाटते. रक्तदाबाची गोळी बरीच वर्षे चालू आहे आणि पत्नीचा या बेताला विरोध आहे. शिवाय त्यांच्या चार-सहा समवयस्क मित्रांनी असे ठरवले आहे की रोजच्या फिरण्याच्या टेकडीवरची, पावसाने घळ पडलेली पायवाट श्रमदानाने दुरुस्त करावी आणि जमल्यास तिथे सिमेंटच्या पायऱ्या बांधाव्यात. हे सारे या वयात झेपेल का, आणि सुरुवात कुठून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

झेपेल. मात्र आपण जो क्रम मनात धरला आहे तो उलटा करावा, असे माझे मत आहे. आधी वाटेचे काम करावे आणि मग त्या वाटेवर सायकल घालावी. माझी सारी नोकरी पाणलोटाच्या कामांत गेली आणि डोंगरातली सायकल मी पन्नाशीनंतर धरली, त्यामुळे हे मत एकतर्फी वाटण्याची शक्यता आहे. पण त्यामागे कारणे आहेत. पाणी वाट कशी कापते हे ज्याने फावडे हातात घेऊन पाहिले आहे, त्याला उतारावर पुढची सैल खडी, पोखरलेली कड किंवा घळीचे तोंड लांबूनच कळते. साठीनंतर प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात, त्यांची भरपाई अशा आगाऊ ओळखीनेच होऊ शकते. दुसरे कारण शरीराचे आहे, त्याकडे पुढे येतो. तिसरे म्हणजे ज्या वाटा आपण वापरणार त्या मुळात गुराख्यांच्या, मोळीवाल्या बायकांच्या आणि वाड्यापाड्यांवरच्या मुलांच्या आहेत. त्या वाटेवर आपली पहिली ओळख घमेले उचलणारा माणूस म्हणून झाली, तर पुढे सायकलवरून जाताना कोणी कपाळाला आठ्या घालत नाही.

हा विचार नवा नाही. माउंटन बाइक १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन भागात, माउंट टॅमलपायसच्या उतारांवर घडली; जुन्या जाड टायरच्या सायकली दुरुस्त करून तरुण मंडळी त्या डोंगरावरून सोडत असत. दहा-पंधरा वर्षांतच पायी चालणाऱ्यांशी आणि घोडेस्वारांशी खटके उडू लागले, वाटांवर सायकलबंदीच्या पाट्या लागल्या आणि त्यातूनच १९८८ मध्ये सायकलस्वारांची आंतरराष्ट्रीय संघटना, इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन, उभी राहिली. वाटा वापरायच्या असतील तर त्या राखायलाही हव्यात, हे तेव्हापासून तिच्या कामाचे सूत्र आहे. पाण्याच्या निचऱ्याचे जे नियम मी पुढे सांगणार आहे ते बव्हंशी त्या परंपरेतले आहेत, आणि गंमत अशी की आपल्याकडच्या समतल चरांच्या (पाणी अडवण्यासाठी उतारावर एकाच पातळीत खोदलेल्या चरांच्या) कामात मुरलेल्या माणसाला ते नवे वाटत नाहीत.

नाशिकचे सायकलीतले नाव मोठे आहे. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली, तेव्हापासून शहरात पहाटे रस्त्यावर सायकली दिसू लागल्या. परंतु ती सारी सडकेवरची, दमसासाची सायकल आहे. डोंगरात अंतराला फारसा अर्थ नसतो. गिरणाऱ्यापर्यंत डांबरी रस्त्याने सहज जाऊन येणारा माणूस मुरमाच्या चढावर काही मिनिटांत घामाघूम होतो आणि उताराला त्याचे हात भरून येतात. म्हणून जुनी सवय गृहीत धरू नये. ती तोल सांभाळण्यापुरती उपयोगी पडेल, त्यापुढे सगळे नव्याने शिकायचे आहे.

प्रकृतीविषयी. रक्तदाब नियंत्रणात असेल तर गोळी चालू असणे ही अडचण नाही, पण गोळी कोणती आहे याने फरक पडतो. बीटा ब्लॉकर गटातले औषध असेल तर हृदयाचे ठोके औषधानेच रोखलेले असतात, आणि मनगटावरच्या घड्याळातला आकडा पाहून श्रम मोजणे निरर्थक ठरते. एरवी मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात हे काढण्यासाठी २०८ मधून वयाची ०.७ पट वजा करावी असे एक ढोबळ सूत्र आहे. बासष्टाव्या वर्षी ते १६५ च्या आसपास येते. परंतु मी त्यापेक्षा साधी कसोटी वापरतो: चढावर सोबत्याशी एक पूर्ण वाक्य न तोडता बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर गिअर हलका करावा किंवा उतरावे. लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात पाणी आणि क्षार दोन्ही लवकर कमी होतात. चढ संपताच सायकल थांबवून एकदम उभे राहिल्यास अशा माणसाला भोवळ येते. म्हणून माथ्यावर पोहोचल्यावर दोन-तीन मिनिटे हलके पेडल मारत राहावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डोक्याला बसलेला साधा मारही गंभीर ठरू शकतो. अशा व्यक्तीने खडकाळ उतारांचा विचार सोडून पाणंद रस्त्यांवरच समाधान मानावे असे मी सांगेन. पण औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी) करावी की नाही हे आपल्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे, आणि त्यांना ‘सायकल चालवतो’ एवढेच न सांगता चढाचा आणि पडण्याचा धोकाही स्पष्ट सांगावा.

आता हाडांचे. सायकल हृदयासाठी आणि गुडघ्यांसाठी उत्तम, पण वजन खोगिरावर टेकलेले असल्यामुळे तिने हाडे बळकट होत नाहीत. वर्षानुवर्षे केवळ सायकल चालवणाऱ्यांची हाडे विरळ निघाल्याचे आढळते. स्नायू तर चाळिशीपासूनच उतरू लागतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. फावडे मारणे, दगड सरकवणे, भरलेले घमेले घेऊन चढणे यांत पाय, पाठ, मनगटे आणि पकड या सर्वांवर भार येतो, आणि सायकलीतून जे मिळत नाही ते नेमके इथे मिळते. आठवड्यातून एक सकाळ वाटेवर घाम गाळलेल्या माणसाची हँडलवरची पकड दोन-तीन महिन्यांत बदललेली मी अनेकांच्या बाबतीत पाहिली आहे. अर्थात हाडे आधीच विरळ झाली असतील तर कमरेतून वाकून ओझे उचलण्यानेच मणका दबू शकतो, म्हणून शंका असल्यास हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी. घमेले अर्धेच भरावे, ओझे अंगाजवळ धरावे आणि कंबर पिळण्याऐवजी पावले वळवून वळावे.

डोळ्यांकडे फार जण दुर्लक्ष करतात, म्हणून मुद्दाम सांगतो. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचनाच्या अंतरासाठी असतो. उतारावर मान जरा वर आणि नजर खाली अशी अवस्था होते, आणि पुढच्या चाकासमोरची जमीन नेमकी त्या खालच्या भागातून दिसते, म्हणजे धूसर दिसते. खड्ड्याची खोली कळत नाही. सायकलीसाठी केवळ लांबच्या नंबरचा, न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचेचा वेगळा चष्मा करून घ्यावा. हाच चष्मा खोदकामातही घालावा, कारण बेसॉल्टवर टिकाव बसला की कपची उडते.

सध्या पाऊस तोंडावर आहे, आणि हा काळ सायकल सुरू करण्याचा नाही. काळी माती ओली असताना टायर इतका माखतो की चाक फिरेनासे होते, आणि जिथे ते फिरते तिथे पन्हाळीसारखी खाच पाडून जाते. पुढच्या सरीचे पाणी त्या खाचेतूनच वाहते. वाटेचे एका पावसाळ्यात जितके नुकसान शेकडो पावले करत नाहीत तितके ओल्यात फिरलेल्या थोड्या सायकली करतात. म्हणून हे चार महिने पाहण्यात घालवावेत. मित्रांना घेऊन, जोराची सर चालू असताना, वीज कडाडत नसल्याची खात्री करून, छत्री आणि काठी घेऊन त्या टेकडीवर जावे आणि पाणी वाटेत कुठून शिरते, किती अंतर वाटेनेच धावते आणि कुठून बाहेर पडते हे पाहावे. प्रवेशाच्या जागी दगडावर चुन्याची खूण करावी. कोरड्या दिवशी घळ जिथे सर्वांत खोल दिसते तिथे दुरुस्ती करण्याचा मोह होतो, पण दोष नेहमी तिच्या वर असतो, जिथे पाणी आत शिरले तिथे.

सिमेंटच्या पायऱ्यांचा बेत सोडून द्यावा. मुरमावर ओतलेल्या पायऱ्यांच्या कडेने पाणी वाट काढते, एक-दोन पावसाळ्यांत त्या खालून पोखरल्या जातात आणि मग माणसे पायऱ्या टाळून शेजारून चालू लागतात. एका वाटेच्या दोन वाटा होतात आणि दोन्ही वाहून जातात. शहराभोवतीच्या कोणत्याही वर्दळीच्या टेकडीवर हे पाहायला मिळेल. वाट टिकते ती पाण्याला तिच्यावर रेंगाळू न दिल्याने. तिला टणक करण्याने नव्हे.

त्यासाठी तीन नियम पुरतात. वाटेचा चढ डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. म्हणजे बाजूचा उतार शंभराला चाळीस असेल तर वाट शंभराला वीसच्या आत हवी, नाहीतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेनेच खाली धावते. सरासरी चढ शंभराला दहाच्या आसपास राहिला तर उत्तम. दहा मीटर चाललो की एक मीटर वर. आणि वाटेची दरीकडची बाजू किंचित खाली झुकलेली असावी, मीटरभर रुंदीला पाच सेंटिमीटर पुरे. एवढा कल चालणाऱ्याला जाणवत नाही, पण पाण्याला जाणवतो. वर्षानुवर्षे पावले आणि गुरे मधोमध चालल्याने वाट दबते, दरीकडे मातीची वरवंडी तयार होते आणि पाणी आत कोंडते. बहुतेक ठिकाणी ही वरवंडी खरवडून काढणे हीच पहिली आणि पुष्कळदा एकमेव दुरुस्ती असते. तिला नेटके फावडे आणि दाताळे पुरते, आणि ती साठीतल्या माणसांना सहज जमते.

चढ मोजायला महागडे यंत्र नको. पाणलोटाच्या श्रमदानात जी ए-फ्रेम वापरतात तीच घ्यावी: सारख्या लांबीच्या दोन काठ्या शेंड्याला बांधून, मध्ये आडवी पट्टी ठोकून, शेंड्यावरून दगड बांधलेली दोरी सोडायची. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करावी, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी, आणि दोहोंच्या मधोमध समतलाची रेघ मारावी. पायांमधले अंतर दीड मीटर असेल तर एका पायाखाली पंधरा सेंटिमीटरचा ठोकळा ठेवून दोरी जिथे येते ती खूण शंभराला दहाची.

वरवंडी काढूनही पाणी धावत असेल तर वाटेत सौम्य उलटा चढ द्यावा लागतो. हे काम मी जरा तपशिलाने सांगतो, कारण यातच बहुतेक गट चुकतात. पाणी शिरण्याची खूण केलेल्या जागेशी, वाटेच्या पूर्ण रुंदीत, दोन-तीन मीटर लांबीचा उथळ खोलगट भाग कोरायचा. त्याचा तळ दरीकडे तिरपा झुकलेला हवा आणि बाहेर पडण्याचे तोंड आत शिरण्यापेक्षा रुंद हवे, कारण अरुंद तोंड पहिल्याच पावसात गाळाने बुजते. निघालेला मुरूम टाकून न देता खालच्या बाजूला, तीन-चार मीटर लांबीचा बुटका उंचवटा म्हणून पसरायचा, पाणी शिंपडायचे, धुम्मसाने किंवा पायांनी दाबायचा आणि पुन्हा एक थर द्यायचा. चालणाऱ्याला तो उंचवटा लक्षातही येऊ नये. सायकलवाल्याला तो हलक्या लाटेसारखा जाणवतो. काही जण त्याऐवजी वाटेवर तिरका ओंडका किंवा दगडांची रांग रोवतात. पायी वाटेला ते एक वेळ चालेल, पण ओल्या तिरक्या कडेवरून पुढचे चाक सरकले की सायकलस्वार आडवा होतो, म्हणून मी ते टाळतो. तोंडाशी, जिथे पाणी खाली उडी घेते, तिथे मात्र चपटे दगड अंथरावेत, नाहीतर नवी घळ तिथूनच सुरू होते. अशा दोन लाटांमधले अंतर उतारानुसार ठरते: उतार जितका उभा, तितक्या त्या जवळजवळ.

या कामाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर. परतीचा पाऊस संपलेला असतो, जमिनीत ओल असते आणि टिकाव सहज बसतो. फेब्रुवारीनंतर तोच मुरूम दगड होतो, मनगटे आणि खांदे दुखावतात, आणि गवत इतके वाळलेले असते की कोणाची विडी डोंगर पेटवू शकते. उन्हाळ्यात करण्यासारखे काम एकच: मेच्या अखेरीस सर्व तोंडांतला गाळ आणि पालापाचोळा काढून ठेवणे. नाशिक शहरात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण पश्चिमेला त्र्यंबक आणि इगतपुरीकडे सरकावे तसा तो कित्येक पटींनी वाढतो. चामर लेणीच्या बाजूला टिकलेली दुरुस्ती पहिन्याच्या अंगाला टिकेलच असे समजू नये; तिथे लाटा अधिक आणि तोंडे अधिक रुंद हवीत.

अवजारे साधीच असावीत: दोन फावडी, एक टिकाव, एक पहार, दाताळे, घमेली. दांडे लांब आणि गुळगुळीत हवेत, म्हणजे वाकावे लागत नाही. एकाने खोदावे, एकाने ओढावे, एकाने पसरावे, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी जागा बदलाव्यात. ही अदलाबदल कोणी दमले म्हणून नव्हे तर घड्याळ पाहून करावी, कारण आपल्या वयाची माणसे मित्रांसमोर दमल्याचे कबूल करत नाहीत. दगड उलटवताना त्याची पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढावी. म्हणजे उघडणारी फट पलीकडे राहते आणि खाली विंचू किंवा फुरसे असले तर मध्ये दगडाची ढाल असते. आपल्या मुरमाड टेकड्यांवर फुरसे भरपूर आहे, आणि मातीच्या रंगात ते दिसत नाही. दंश झाला तर बांधणे, चिरणे, चोखणे यांतले काहीही न करता माणसाला हालचाल न करू देता जिल्हा रुग्णालयात न्यावे; १०८ क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावा.

सायकलीबद्दल थोडक्यात. मुलाची सायकल आपल्या उंचीला बसते का हे आधी दुकानात दाखवून घ्यावे. मोठ्या चौकटीची सायकल उतारावर आवरत नाही. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक असावेत, म्हणजे एका बोटाने दाबता येतात आणि हात भरून येत नाहीत. तारेचे असतील तर बदलण्यावर खर्च करावा, तो सर्वांत सार्थकी लागतो. सर्वांत हलका गिअर खरोखर हलका हवा. पेडल सपाट ठेवावे, बुटाला अडकणारे नको. बसल्या जागेवरून खोगीर खाली करणारी ड्रॉपर पोस्ट तरुणांना चैन वाटते, परंतु ताठ झालेल्या कमरेला ती मोठा आधार आहे. टायरमध्ये ठासून हवा भरण्याची आपली जुनी सवय सोडावी: सत्तर किलोच्या माणसाला सव्वादोन इंची टायरमध्ये ट्यूब असल्यास पंचवीस ते तीस पीएसआय, ट्यूबलेस असल्यास त्याहून थोडी कमी. बाभूळ आणि हिवराचे काटे पाहता मी ट्यूबलेसच सुचवीन. आतले छिद्र बुजवणारे सीलंट मात्र आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वाळते, ते तपासत राहावे.

मोटरची मदत घेणाऱ्या सायकलीला नाक मुरडू नये. गुडघे दुखत असतील तर ती योग्यच आहे, आणि अडीचशे वॉट व ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतल्या सायकलीला नोंदणी लागत नाही. तिचे वजन वीस किलोच्या वर जाते, म्हणून ती उचलून ओढा ओलांडताना दोघे हवेत, एवढेच.

चालवण्याचा सराव नोव्हेंबरपासून, रुंद पाणंद रस्त्यावर सुरू करावा. उताराला खोगीर खाली, दोन्ही पेडल समपातळीत, टाचा किंचित खाली, कोपरे आणि गुडघे सैल, नजर चाकापुढे नव्हे तर तीन-चार सायकली पुढे. थांबवण्याचे खरे काम पुढचा ब्रेक करतो, पण सैल खडीवर वळताना तो दाबला की चाक निसटते. म्हणून वेग वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेकनी कमी करावा आणि वळणात बोटे ढिली सोडावीत. आपल्याकडे टणक मुरमावर बारीक खडी पसरलेली असते आणि बहुतेक पडझड तिथेच, कमी वेगात होते. पडताना हात पुढे टाकण्याची प्रवृत्ती असते आणि मनगट मोडते. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गुडघ्याची संरक्षके घालावीत. हेल्मेट एकदा आपटले की बाहेरून शाबूत दिसले तरी बदलावे. आणि जिथे मनात शंका आली तिथे उतरून सायकल हाताने न्यावी. माझ्या ओळखीत या वयात नियमित चालवणारे जे आहेत ते सगळे असे उतरणारे आहेत. न उतरणाऱ्यांनी सायकली विकल्या.

आपल्या पत्नीचा विरोध मला रास्त वाटतो, आणि त्याला उत्तर युक्तिवादाने न देता व्यवस्थेने द्यावे. एकट्याने जाऊ नये, जाण्याची वाट आणि परतण्याची वेळ घरी लिहून ठेवावी, फोनवर ठिकाण कळत राहील अशी सोय करावी. पूर्ण उजाडल्याशिवाय निघू नये. गिरणारे, मखमलाबाद, दारणा या पट्ट्यांत उसाच्या आणि मक्याच्या कडेने बिबट्याचा वावर असतो, आणि वाकून, आवाज न करता जाणारा सायकलस्वार पहाटेच्या अंधारात त्याला दचकवू शकतो. घंटी वाजवत जावे. गुरांसाठीही ती लागतेच. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारणी चालू असते, तिथे वारा पाहून लांबून जावे किंवा थांबावे. समोरून मोळी घेतलेली बाई किंवा कळप आला की आपण उतरून दरीकडच्या नव्हे तर डोंगराकडच्या बाजूला उभे राहावे.

शेवटचा मुद्दा परवानगीचा, आणि तो गौण नाही. नाशिकभोवतालच्या बहुतेक टेकड्या वनखात्याच्या ताब्यात आहेत. राखीव वनात विनापरवाना खोदकाम हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा ठरतो, हेतू कितीही चांगला असो. पांडवलेण्यांसारख्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या आणखी दोनशे मीटरपर्यंत निर्बंध आहेत. अंजनेरी तर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथल्या माथ्यावरच्या पातळ मातीत सेरोपेजिया अंजनेरिका ही जगात अत्यंत मोजक्या ठिकाणी उरलेली कंदीलपुष्पाची जात वाढते, आणि पावसाळ्याबाहेर ती जमिनीखाली फक्त कंदाच्या रूपात असते, म्हणजे दिसत नाही. त्या माथ्यावर सायकल नेऊ नये आणि फावडेही नेऊ नये. म्हसरूळजवळच्या बोरगड संवर्धन क्षेत्रालाही हेच लागू. नवी वाट कुठेही पाडू नये. जुनी वाट सुधारण्यापुरतेच काम ठेवावे.

अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे करावा आणि गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या अध्यक्षांना आधी भेटून त्यांचे पत्र जोडावे. गावाची संमती जोडलेला अर्ज लवकर हलतो असा माझा अनुभव आहे. अर्जात वाटेची लांबी, दुरुस्तीच्या जागांची छायाचित्रे, वापरायची अवजारे, सिमेंट किंवा यंत्र वापरणार नसल्याचे आणि झाड अथवा झुडूप तोडणार नसल्याचे स्पष्ट वाक्य, आणि सहभागींची नावे, वये व रक्तगट द्यावेत. समतल चरांच्या किंवा जाळरेषेच्या (वणवा अडवण्यासाठी गवत काढून केलेल्या पट्ट्याच्या) कामात खात्याला हात लागत असतील तर तेही करू असे लिहावे. पावसाळ्यातली छायाचित्रे हाती आली की सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज द्यावा, म्हणजे ऑक्टोबरच्या ओलीत काम सुरू करता येते.